पंख्याखालची झोप

या, पुढं या, मागं उभं राहू नका, खुर्च्या रिकाम्या आहेत. माईक जरा घरघरतोय, पण आज विषयच आवाजाचा आहे म्हणल्यावर एवढं चालवून घ्या.

मी फिजिक्सचा मास्तर. सगळी नोकरी पाटण तालुक्यात गेली, त्यामुळं वनकुसवड्याच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट पठारावर, पहिले पंखे उभे राहताना मी डोळ्यांनी बघितलेत. आमच्याकडं पवनचक्की कोण म्हणत नाही, पंखाच म्हणतात. कोयनेच्या पाण्याच्या वरचा सडा, उंची अकराशे मीटरच्या आसपास, पावसाळ्यात छत्री उघडली की उलटीच होणार असलं वारं. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला तिथं, चाळकेवाडीला, ठोसेघरच्या वर, एकामागं एक पंखे लागत गेले आणि पोरं एसटीच्या खिडकीतून मोजायला लागली, ऐंशी नव्वदपर्यंत गेली की घाट लागायचा आणि मोजणी हुकायची. सगळ्यांना कौतुकच होतं. लोडशेडिंगच्या काळात मात्र एक म्हातारा मला म्हणाला, मास्तर, डोक्यावर रात्रभर पंखा फिरतोय आणि खाली आमी चिमणी लावून जेवतोय. वीज ग्रीडला जाते वगैरे मी समजावलं त्याला, पण खरं सांगायचं तर समजावताना मलाच लाज वाटत होती.

मग २००३ चा दुष्काळ आला. तेव्हा माण, खटाव, आटपाडी, जत इकडं सगळीकडं एकच बोलणं, पंख्यांनी ढग पळवले. काही ठिकाणी पंखे बंद करा म्हणून लोक रस्त्यावर आले. आता मी शिकवणारा माणूस, मला विचारलं की मी सांगणार. पंख्याची पाती जमिनीपासून पाऊणशे, शंभर मीटरवर, आजच्या नव्या मशीनची फार तर दोनशे. आणि पाऊस देणारा मोठा ढग उभा असतो किलोमीटरच्या हिशोबात, दहा-बारा किलोमीटर उंच सुद्धा जातो. आता तुम्ही म्हणाल मास्तर, चाळकेवाडीला ढग हाताला लागतो, पात्यातनं जाताना दिसतो. लागतो की, मी नाही कुठं म्हणतोय, पण सड्यावर टेकलेला तो ढग आटपाडीत पाऊस पाडायला निघालेला नसतो. समुद्रावरनं आलेलं वारं घाटावर चढताना गार होतं आणि आपलं पाणी तिथंच सांडून टाकतं, म्हणून महाबळेश्वर-नवजाला पाच-पाच हजार मिलिमीटर आणि शंभर किलोमीटरच्या आत माणदेशात पाचशेची मारामार. हे शिवाजी महाराजांच्या आधीपासून असंच आहे. १९७२ च्या दुष्काळात कुठं होते पंखे? सहाशे वर्षांमागच्या दुर्गादेवीच्या दुष्काळात कुठं होते?

एवढं बोलून मी एकदा एका गावात टाळ्या घेतल्या होत्या. पण नंतर चहाला बसल्यावर कंपनीच्या बाजूचा एक माणूस खुशीत येऊन म्हणाला, सर, तुम्ही बरं केलं, हे लोक कायपण बोलतात. तिथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाऊस पळवल्याची तक्रार पंखेवाल्यांच्या फार सोयीची आहे हो. ती एक खोटी तक्रार हातात आली की बाकीच्या चार खऱ्या तक्रारी हसण्यावारी नेता येतात. झोप येत नाही म्हणणारी बाई आणि ढग पळाला म्हणणारा गडी, दोघं एकाच रांगेत, अडाणी म्हणून. तेव्हापासून मी आधी झोपेचं बोलतो.

तर आवाज. मी एका वाडीत मुद्दाम मुक्कामाला गेलो, ओळखीच्या आजी आहेत, त्यांच्या घरापासून पंखा पावलांनी मोजला तर साडेतीनशे-चारशे मीटर. दिवसा मला काहीच वाटलं नाही, कोंबड्या, पोरं, टीव्ही, वाऱ्यानं झाडं सळसळतायत. आजी म्हणाल्या, थांबा, सगळं निजल्यावर ऐका. आणि साडेअकराला सुरू झालं बघा, म्हणजे आधीपासून होतंच पण आता ऐकू यायला लागलं. सुऽप... सुऽप... सुऽप. अंगणात कोणीतरी तांदूळ पाखडतंय आणि ते तांदूळ काही केल्या संपत नाहीत. मी आवाज मोजायचा मीटर काढला, ४३ ते ४६ डेसिबलमध्ये काटा हलतोय. कायद्यात राहत्या वस्तीला रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, दिवसा ५५. म्हणजे बघा, कागदावर जवळजवळ पास. आजींनी मात्र खाट सोप्यावरनं उचलून मागल्या बाजूला धान्याच्या कणगीपाशी नेली होती, दोन वर्षं झाली तिथंच निजतात.

आता रात्रीच का? तर सूर्य मावळला की जमीन गार पडते, जमिनीलगतची हवा शांत होते, पानसुद्धा हलत नाही, पण शंभर मीटरवर वारं चालूच असतं, कधी दिवसापेक्षा जास्त. म्हणजे वर पंखा जोरात आणि खाली त्याला झाकणारा दुसरा आवाजच नाही. शिवाय पंख्याचा आवाज एकसारखा नाही, वरखाली होतो, नदीचा आवाज सारखा असतो म्हणून माणूस झोपतो, नळ ठिबकत असला की झोपत नाही. आणि तिसरं म्हणजे मीटरचा आकडा कानाला जुळवलेला असतो, त्यात खालच्या पट्टीचा आवाज मुद्दाम कमी धरतात. टाळ मोजायची आणि पखवाज निम्मा धरायचा असं काहीसं. भिंती पण वरच्या पट्टीचा आवाज अडवतात, खालचा आत येतो. लांबच्या वरातीतला डीजे आठवा, गाणं कळत नाही पण धडधड छातीत येते.

मग यानं आजार होतो का, हा प्रश्न मला हमखास येतो. कॅनडाच्या आरोग्य खात्यानं बाराशेवर घरांत जाऊन पाहणी केली, २०१४ ला निष्कर्ष आले. त्यात पंख्याचा आवाज आणि आजारपण किंवा झोप यांचा थेट संबंध सापडला नाही, पण आवाज वाढला तसा वैताग वाढला, हे मात्र स्पष्ट सापडलं. हे दोन्ही सांगायचं असतं, कंपनी पहिलं वाक्य सांगते आणि आंदोलनवाले दुसरं. आणि मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट हॉलंडची. तिथं पंख्याजवळ राहणाऱ्या सातशेवर लोकांना विचारलं तर ज्यांना पंख्यातनं पैसे मिळतात त्यांना तितक्याच आवाजाचा त्रास जवळजवळ नाहीच. हसू नका, हे खोटारडे लोक नाहीत. स्वतःच्या घरच्या पीठगिरणीत झोपणारी माणसं आपण बघितलीत ना? डेन्मार्कनं तर २००९ पासून बरीच वर्षं कायदाच केला होता की पंख्यापासून साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना प्रकल्पातला किमान २० टक्के हिस्सा विकत घ्यायची संधी द्यायचीच.

आपल्याकडं काय झालं? पंख्याचा मालक मुंबईत. सुरुवातीला सरकारनं पहिल्याच वर्षी मशीनची शंभर टक्के, पुढं ऐंशी टक्के किंमत घसारा, म्हणजे झिजेचा खर्च, म्हणून नफ्यातनं वजा दाखवायची सवलत दिली होती, म्हणून वाऱ्याशी काही देणंघेणं नसलेल्या कंपन्यांनी टॅक्स वाचवायला पंखे घेतले. मालक एक, चालवणारा दुसरा, जमीन घेणारा एजंट तिसरा, आणि त्या एजंटनं सड्यावरची जमीन पडीक म्हणून कवडीमोलानं घेतलेली. आजींनी तक्रार करायची कुणाकडं? गेटवरच्या वॉचमनकडं केली. तो त्यांचाच भाचा निघाला.

आणि सुनावणी? ती झालीच नाही, कारण लागतच नाही. पर्यावरण परवानगीची जी २००६ ची अधिसूचना आहे तिच्यात पवन ऊर्जा नाहीच, म्हणून जनसुनावणी नाही, आणि प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत ती पांढऱ्या गटात, म्हणजे निरुपद्रवी. चिमणी नाही, धूर नाही, हे कबूल. पण पंखा आकाशातनं टपकत नाही ना, त्याला डोंगर कापून रस्ता लागतो. भीमाशंकरच्या बाजूला जंगलात असे रस्ते काढले तेव्हा पश्चिम घाटासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीनं त्यावर सविस्तर लिहिलंय. धुळ्याकडं साक्रीत वनजमिनीवरनं आदिवासींची वेगळीच लढाई. मराठवाड्यात तर मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर, डिसेंबर २०२४, पवनचक्की म्हणलं की लोकांना आधी खंडणी आठवते, त्या खटल्यावर मी इथं बोलत नाही.

एक गंमत मध्येच सांगतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांनी चाळकेवाडीच्या सड्यावर अभ्यास केला, २०१८ ला छापून आला. पंखे आहेत तिथं शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी, म्हणून सरडे वाढले, आणि ते सरडे माणूस अगदी जवळ गेला तरी पळत नाहीत, भीतीच गेली. त्या सरड्याचं शास्त्रीय नाव पण सरडाच आहे, सरडा सुपर्बा, आपला मराठी शब्द. म्हणजे पंख्याखाली सुखानं झोपणारं कोणीतरी आहे!

आता कामाचं. जुने पंखे वीस-पंचवीस वर्षांचे झाले, त्यांचं आयुष्य संपलं, तिथं नवे, बरेच जास्त उंच येणार. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत घरापासून ५०० मीटरच्या आत पंखा नको असं लिहिलंय. आजींचा पंखा त्याच्या आधीचा, पण बदली पंखा त्याच खड्ड्यावर लागणार असेल तर ग्रामसभेत आत्ताच विचारा, नकाशा मागा, घरं दाखवलीत का बघा, सड्यावरच्या वाड्या नकाशातनं हमखास गळतात. आणि पंखा यायच्या आधी आपल्या अंगणातला रात्रीचा आवाज मोजून तारीखवार लिहून ठेवा. नंतर मोजलेल्या आकड्याला आधीचा आकडा नसला की समोरचा म्हणतो, वारंच होतं ते.

मीटर माझ्याकडं आहे. ज्यांना हवा त्यांनी आठवड्याला घेऊन जा, वहीत नाव लिहून. सेल फक्त आपापले आणा, मागच्या वेळी चार माझेच गेले.