डावीकडचा पास

[पहाट. मुरमाड मैदान. पळणाऱ्या पायांचा आवाज.]

सोलापुरात उन्हाळ्यात खेळायचं तर सूर्याच्या आधी उठावं लागतं. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. दहा वाजता या मैदानावर अनवाणी उभं राहून दाखवा. म्हणून सराव साडेपाचला. नऊ मुली, चार मुलं आणि एक लांबट चेंडू. दुधाची कॅन घेऊन निघालेले काका सायकल थांबवतात आणि विचारतात, "हे कसलं फुटबॉल बे?"

हे टॅग रग्बी आहे, काका.

कमरेला पट्टा. पट्ट्याच्या दोन बाजूंना वेल्क्रोने चिकटवलेली एकेक रंगीत फीत, तिलाच टॅग म्हणतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याचा टॅग उपटला की त्याची धाव तिथेच थांबते. धक्का द्यायचा नाही, पाय घालायचा नाही, पाडायचं तर नाहीच. पळणाऱ्यानेही टॅगवर हात ठेवून तो वाचवायचा नाही. मोठ्यांच्या सामन्यात सहा टॅग गेले की चेंडू समोरच्या संघाकडे. आणि रग्बीचा जुना नियम इथेही लागू आहे: हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही. पळायचं पुढे, द्यायचा मागे.

या खेळाची एक सुरुवात जिब्राल्टरमधली सांगतात. तिथे हिरवळीची मैदानं मिळेनात आणि टणक जमिनीवर एकमेकांना पाडणं परवडेना. १९९०च्या दशकात हा खेळ इंग्लंडच्या शाळांमध्ये आणि ऑस्ट्रेलियात पसरला. आमच्या कॅमेरावाल्याने इथला मुरूम बुटाने उकरून पाहिला आणि म्हणाला, "मग हा खेळ सोलापूरचाच की."

[पांढऱ्या टोपीतली मुलगी. हूल देऊन निसटते.]

ही मुलगी एकवीस वर्षांची आहे. शाळेपासून खो-खो. देशाच्या टॅग रग्बी संघासाठी खेळाडू निवडणार म्हणून कळलं, तेव्हा तिने अर्ज भरला. घरी सांगितलं ते भरून झाल्यावर.

खो-खोचा तिला किती उपयोग होतो, ते पाहण्यासाठी आम्ही सकाळभर एकच गोष्ट चित्रित केली. साखळी खेळणारी पोरगी शेवटच्या क्षणी कंबर कशी वळवते, ते. समोरच्याचा हात पडतो तिथे टॅग नसतोच. दुसरं म्हणजे, खो पाठीमागूनच द्यायचा असतो. आपला माणूस पाठमोरा असला तरी नेमका कुठे आहे, हे ज्याच्या अंगात मुरलंय त्याला मागे पास देणं परकं वाटत नाही.

पण काही सवयी आड येतात. खो-खोत बाद न होता वेळ काढणं ही कमाई असते. तिथे आडवं पळा, खांबाला वळसा घाला, सगळं चालतं. इथे आडवं पळून मैदान मिळत नाही. पुढे सरकलात तरच उपयोग. बचावाचंही तसंच. खो-खोतला आक्रमक एकटा पाठलाग करतो. टॅग रग्बीत सगळ्यांनी एका रेषेत पुढे यायचं असतं. एकीने अंगातल्या खुमखुमीने झेप घेतली की तिच्या जागी भगदाड पडतं. या तासाभरात सरांच्या तोंडून आम्ही सर्वांत जास्त वेळा ऐकलेला शब्द "रेषा!" हा आहे.

आणि तिचा डावीकडचा पास. त्याबद्दल तिला विचारलं तर ती हसून विषय बदलते.

[घर. शिलाई मशीनचा आवाज.]

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते. हल्ली इथे गणवेशही तितक्याच जोरात शिवले जातात. तिची आई गणवेशाच्या एका छोट्या कारखान्यात कॉलर बसवते. लेकीचे टॅग तिनेच शिवलेत, उरलेल्या कातरणातून. पहिल्या खेपेला वेल्क्रो इतका दमदार लावला की टॅग ओढल्यावर पट्ट्यासकट पोरगीच ओढली गेली. दुसऱ्या खेपेला तो पळता पळताच गळून पडायला लागला.

[आई, मशीनवरून मान न उचलता] "ओढलं की सुटायला पाहिजे म्हणते, आणि पळताना सुटायला नको म्हणते. आता काय करायचं, सांगा की! चार वेळा उसवलं मी."

पाचव्या खेपेचा टॅग आम्हीही ओढून पाहिला. चर्र असा आवाज होतो. पंचाला लांबून ऐकू यावा असा.

[मोबाइलवर अर्ज. बोट खाली सरकतं.]

अर्ज भरणं सोपं आहे. अवघड आहे ते त्यापुढचं. अशा निवडीत सहसा आधी चाचणी होते, मग गरजेपेक्षा मोठा गट निवडतात, त्या गटाची सुट्टीच्या दिवशी शिबिरं होतात आणि शेवटी नावं गाळत गाळत संघ उरतो. गटही अनेक असतात: महिला, पुरुष, दोघांचा मिश्र, शिवाय वयाचे. हिने महिला आणि मिश्र अशा दोन्ही चौकोनांवर खूण केलीये. मिश्र संघात सवय उपयोगी पडेल, सरावाला पोरं असतातच, असा तिचा हिशेब.

खर्चाचं मात्र आधीच बोललेलं बरं. टॅग रग्बी ऑलिंपिकमध्ये नाही. तिथे २०१६ पासून आहे ती सात जणांची, पाडापाडीची रग्बी. टॅगचा विश्वचषक वेगळा होतो, २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॉफ्स हार्बरला झाला, २०२३ मध्ये आयर्लंडच्या लिमरिकला. अशा स्पर्धांना जाणाऱ्या कितीतरी खेळाडूंना प्रवास आणि राहणं स्वतःच्या खिशातून करावं लागतं. "निवड झाली" या बातमीनंतर घरात पहिला प्रश्न पैशाचाच येणार. आईने तो आजच विचारून ठेवलाय.

आता एक गंमत. लंबगोल चेंडू आपल्याकडे नवा नाही. कलकत्त्याचा रग्बी क्लब १८७८ मध्ये बंद झाला, तेव्हा सभासदांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्यांचा चषक घडवला. त्याच्या मुठी नागाच्या आहेत, झाकणावर हत्ती. कलकत्ता कप. त्यासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून खेळतात. रुपये आपले, चषक त्यांचा!

[सोलापूर स्थानक. रात्र.]

चाचणी मुंबईत. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री सुटते आणि सकाळी मुंबईत उतरवते. पिशवीत बूट, दोन जोड टॅग, कडक भाकरी, शेंगाची चटणी. चटणी जरा जास्तच आहे. "तिथल्या पोरींना पण दे," असं आई म्हणाली. तिथल्या पोरी हिच्याच जागेसाठी आलेल्या असणार, हे आईच्या लक्षात आलं नसेल असं नाही.

चाचणीत कॅमेऱ्याला परवानगी नव्हती. काय झालं ते तिच्याच तोंडून ऐकलं. टॅग काढण्यात सर म्हणतात तशी रेषा टिकली. दोनदा निसटली. आणि एकदा डावीकडे जोडीदार मोकळी असताना चेंडू तिच्या पायांपाशी पडला.

[पुन्हा मैदान. पहाट.]

यादी अजून लागलेली नाही. ती परवा रात्रीच्या गाडीने परतली. आज साडेपाचच्या आधीच इथे आहे, एकटी. भिंतीवर खडूने एक गोल काढलाय. चेंडू उजव्या कमरेवरून डावीकडे. गोलाच्या बाहेर. उचलला, परत.

[चेंडू भिंतीवर आपटल्याचा आवाज.]

"सत्तावीस," ती मोजते.