मुलांचे वर्तन आणि औषधाची चिठ्ठी

नमस्कार श्रोतेहो.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि त्या उघडल्या की पंधरा-वीस दिवसांत माझ्या नागपूरच्या दवाखान्यात एका विशिष्ट प्रकारचे पालक येऊ लागतात. कोणी महालातून येतात, कोणी जरीपटक्यातून, कोणी रात्रीचा प्रवास करून बालाघाट-छिंदवाड्याकडून. हातात शाळेचे पत्र असते: मूल एका जागी बसत नाही, इतर मुलांना मारते, तरी डॉक्टरांना दाखवून औषध सुरू करावे. म्हणजे औषधाचा निर्णय माझ्यापर्यंत येण्याआधीच कोणीतरी घेऊन टाकलेला असतो. समोर बसलेली आई मात्र दोन्हीकडून घाबरलेली असते. औषध दिले नाही तर मुलाला शाळेतून काढतील, आणि दिले तर त्याला जन्मभराची सवय लागेल, असे तिला वाटत असते.

मुलांच्या वर्तनाच्या विकारांत औषध लिहून देताना डॉक्टरने काय पाहावे आणि पालकांनी काय विचारावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. गेली वीस वर्षे नागपुरात हे काम करताना माझे एक मत पक्के होत गेले. ही औषधे चांगली की वाईट, या वादात आपण फार वेळ घालवतो. प्रत्यक्षात तेच औषध एका मुलाचे वर्ष सावरते आणि दुसऱ्याचे वाया घालवते, आणि हा फरक पुष्कळदा ते कसे लिहून दिले आणि नंतर त्यावर कोणी लक्ष ठेवले का, यावरून पडतो.

याला पुरावा आहे. अतिचंचलता आणि अवधानाची कमतरता, म्हणजे आता पालकही ज्याला एडीएचडी म्हणतात तो विकार असलेल्या, सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. मुलांचे चार गट केले होते. एका गटाला काळजीपूर्वक मोजूनमापून औषध दिले, दुसऱ्याला पालक-शिक्षकांच्या मदतीने वर्तनोपचार, तिसऱ्याला दोन्ही, आणि चौथ्या गटातील मुलांना त्यांच्या गावातल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे सोपवले. चौदा महिन्यांनी मुख्य लक्षणांत पहिला आणि तिसरा गट पुढे होता. मला मोलाची वाटते ती चौथ्या गटाची हकिकत. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश मुलांनाही औषधे मिळत होती, बहुतेकांना पहिल्या गटाचेच, मिथाइलफेनिडेट नावाचे औषध, तरीही ती मुले मागे राहिली. पहिल्या गटाचे डॉक्टर मुलाला दर महिन्याला भेटत, शिक्षकांकडून माहिती घेत आणि त्याप्रमाणे मात्रा बदलत. चौथ्या गटात मात्रा कमी होती आणि भेट वर्षातून एक-दोनदाच होत असे. तीन वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा गटांमधला फरक उरला नव्हता. तोवर अभ्यासातली ती बारीक देखरेखही केव्हाच संपलेली होती.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही. कामाला लागून फार वर्षे झाली नव्हती. तिसरीतला एक मुलगा आला. "सांगितलेलं ऐकतच नाही जी," असे त्याची आई म्हणाली. वर्गात लक्ष नाही, चिडचिड फार, वही अर्धवट. बाहेर चाळीस जण बसले होते. मी लक्षणांचा तक्ता भरून घेतला, गुण मोजले आणि पहिल्याच भेटीत गोळी लिहिली. महिन्याभराने वजन दीड किलोने उतरले होते आणि अभ्यासात फरक नव्हता. उठता उठता आई म्हणाली, घरी टीव्हीचा आवाज फार मोठा करतो, शेजारी ओरडतात. तेव्हा मी त्या मुलाकडे पहिल्यांदा नीट पाहिले. त्याचे तोंड उघडे होते. पहिल्या भेटीतही ते उघडेच असणार. नाकामागची गाठ वाढलेली, त्यामुळे रात्री घोरणे, मोडकी झोप, आणि दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलेले. ते मूल ऐकत नव्हते, कारण त्याला ऐकूच येत नव्हते. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पुढचे उपचार केले, मी माझी गोळी बंद केली, आणि सहामाहीपर्यंत शाळेची तक्रार थांबली.

तेव्हापासून चिठ्ठी लिहिण्याआधी मी कान आणि डोळे तपासून घेते, झोपेविषयी विचारते, हिमोग्लोबिन पाहते. मुलाला दुसरी कोणती औषधे चालू आहेत हे तर विचारलेच पाहिजे. फिट्ससाठी दिल्या जाणाऱ्या फेनोबार्बिटोनने काही मुले कमालीची चंचल होतात, आणि ते कोणाच्या लक्षात न आल्यास एका औषधाच्या दुष्परिणामावर दुसरे औषध सुरू होते. वर्गात मध्येच काही सेकंद शून्यात बघणारे मूल दिवास्वप्ने पाहत नसून त्याला सौम्य प्रकारची फिट येत असू शकते. वाचता न येणारे, म्हणजे अध्ययन अक्षमता असलेले मूल तासभर न समजणाऱ्या पानापुढे शांत बसेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. वर्गातली वयाने सर्वांत लहान मुले एडीएचडीची म्हणून अधिक ओळखली जातात, असे अनेक देशांत दिसून आले आहे. अकरा महिन्यांनी मोठ्या असलेल्या सोबत्यांशी त्यांची तुलना होते, एवढाच काही वेळा त्यांचा दोष असतो. घरात मारहाण होत असेल, बाप दारू पिऊन येत असेल, तर मूल शाळेत अस्वस्थ असणारच, आणि हा प्रश्न आईला एकटीला बसवून, हळूच विचारावा लागतो.

निदान पक्के करायचे तर लक्षणे बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली असावी लागतात, सहा महिने टिकलेली असावी लागतात, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. केवळ एका शिक्षकाच्या तासाला मूल त्रास देत असेल तर तो तास आधी पाहावा. आजी बरोबर आली असेल तर मी तिला बोलते करते. "याचा बापही असाच होता," हे वाक्य ती सहज बोलून जाते, आणि त्यात तथ्य असते, कारण हा विकार मोठ्या प्रमाणावर आनुवंशिक आहे. त्या एका वाक्याने आईच्या डोक्यावरचे "तूच लाडावून ठेवलास" हे ओझे काहीसे उतरते, म्हणून मी ते सर्वांसमोर पुन्हा म्हणून घेते.

प्रत्येक वर्तनाला औषध नसते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. उद्धटपणा, खोटे बोलणे, चोरी, मुद्दाम नियम मोडणे यांवर कोणतीही गोळी नाही. तिथे आईवडिलांना शिकवावे लागते, आणि ते काम आठवड्यांचे असते. सहा वर्षांखालच्या मुलांतही आधी पालकांचे प्रशिक्षणच करावे. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांची तीव्र चीड आणि स्वतःला इजा करून घेण्याचे वर्तन कमी करण्यासाठी रिस्पेरिडोन या औषधाचा उपयोग होतो; अमेरिकेत त्याला त्यासाठी २००६ साली मान्यता मिळाली. पण ते स्वमग्नता बरी करत नाही, आणि त्याने भूक व वजन झपाट्याने वाढते, रक्तातली साखर वाढू शकते, मुलांच्या छातीला सूज येऊ शकते. गावोगावी, केवळ मूल गप्प बसावे म्हणून, वजनही न करता त्याचे थेंब वर्षभर चालू ठेवलेली मुले माझ्याकडे येतात. खोकल्याचे गुंगी आणणारे औषध रोज पाजलेली मुलेही येतात. हे मला सहन होत नाही. गुंगीत असलेले मूल सुधारलेले नसते.

मिथाइलफेनिडेटची गोष्ट याच्या उलट आहे. जिथे ते खरोखर हवे असते तिथेही पालक त्याला घाबरतात. ते गुंगी आणत नाही. योग्य मुलाला योग्य मात्रेत दिले तर मूल स्वतःचे काम स्वतः पुरे करू लागते, आणि साध्या गोळीचा परिणाम अर्ध्या-एक तासात सुरू होऊन सुमारे चार तासांत संपतो. सुरुवात लहान मात्रेने, बहुधा पाच मिलिग्रॅमने होते आणि दर आठवड्याला पाहून ती वाढवली जाते. त्याआधी नाडी, रक्तदाब, उंची आणि वजन यांची नोंद हवी, आणि धावताना मूल कधी बेशुद्ध पडले का, घरात कोणी तरुणपणी अचानक गेले का, हे विचारलेले हवे. दुपारची भूक मरते, हा पुष्कळांना अनुभवास येणारा त्रास. म्हणून मी डबा अर्धा परत येणार हे आधीच सांगून ठेवते आणि गोळीच्या आधी पोटभर पोहे किंवा पोळी, रात्री पुन्हा नीट जेवण, असा बेत आईबरोबर बसून ठरवते. हे औषध चालत नसेल तर अ‍ॅटोमोक्सेटिन असते, पण त्याचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या काळात मुलाच्या मनात स्वतःला संपवण्याचे विचार येत नाहीत ना, याकडे लक्ष ठेवावे लागते. याच विकारात दिले जाणारे क्लोनिडीन चालू असेल तर ते एका दिवसात बंद करू नये, रक्तदाब एकदम चढतो.

मिथाइलफेनिडेट आपल्याकडे औषध नियमांच्या 'एक्स' अनुसूचीत आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते, आणि ते मोजक्याच दुकानांत मिळते. दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओवरून ते लिहून देता येत नाही. गडचिरोलीहून एका गोळीच्या पाकिटासाठी नागपूरला येणाऱ्या कुटुंबाला हा नियम जाचक वाटतो, आणि त्यांची ओढाताण मी पाहते. तरी त्या फेरीत मुलाचे वजन होते, रक्तदाब पाहिला जातो, म्हणून ती फुकट जात नाही. सल्ला हवा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि मिहानच्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहेत.

चिठ्ठीवर औषधाच्या नावाखाली मी आणखी दोन ओळी लिहिते. हे औषध नेमके कशासाठी, ही पहिली. "मूल सुधारावे" असे तिथे लिहून चालत नाही. "गणिताच्या तासाला पाच उदाहरणे उठल्याशिवाय सोडवणे" असे काही लिहावे लागते, म्हणजे महिन्याने ते झाले की नाही हे ठरवता येते. दुसऱ्या ओळीत, औषध चालू ठेवायचे की नाही याचा विचार कोणत्या तारखेला करायचा, ते असते. आणि हे सर्व मुलासमोर, त्याला समजेल अशा शब्दांत वाचून दाखवते. गोळी जीवनसत्त्वाची आहे असे सांगून दिलेली मी चालू देत नाही. दहा वर्षांच्या मुलाला ते दोन दिवसांत कळते, आणि मग ते आईवर विश्वास ठेवत नाही आणि माझ्यावरही नाही.

सातवीतल्या एका मुलाने गेल्या वर्षी मला विचारले, "गोळी बंद केली तर मी पुन्हा तसाच होईन का?" चार वर्षे तो औषधावर होता आणि असा प्रश्न त्याने पहिल्यांदाच विचारला होता. मी म्हणाले, मला सांगता येणार नाही, आपण पाहू. पोळ्यानंतरचे तीन आठवडे निवडले, कारण तेव्हा परीक्षा नव्हती. वर्गशिक्षिकेने रोज एका ओळीची नोंद ठेवली, घरी आईने ठेवली, आणि त्याने स्वतःही एका जुन्या डायरीत लिहिले. तीन आठवड्यांनी तिघांच्या नोंदी टेबलावर शेजारी शेजारी ठेवून आम्ही वाचल्या. खेळात, घरात, मित्रांत काही बिघडले नव्हते; पहिल्या तीन तासिकांत मात्र काम अर्धवट राहत होते, आणि त्याच्या स्वतःच्या डायरीत ते सर्वांत स्पष्ट लिहिलेले होते. तो म्हणाला, सकाळची राहू द्या, दुपारची नको. आता तो एकच गोळी घेतो, डबा रिकामा आणतो, आणि त्याच्या चिठ्ठीवर पुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीनंतरची आहे.

नमस्कार.