राघू, रावा, पोपट

[दृश्य: पुण्यातलं एक जुनं झाड. उंच खोडात ढोली. फेब्रुवारीतली सकाळ.]

निवेदन:

हे झाड पुण्यातलंच आहे. नेमकं कुठलं ते मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे येईलच.

ढोलीच्या तोंडाशी बसली आहे ती पोपटाची मादी. तिचा गळा नुसता हिरवा. कंठी असते ती नराला, हनुवटीखाली काळी आणि मानेमागे गुलाबी, आणि तीही तो तीनेक वर्षांचा झाल्यावरच नीट उमटते. शेजारच्या फांदीवरून तो सरकत येतोय. त्याचे पाय बघा. दोन बोटं पुढे, दोन मागे. पकड इतकी घट्ट की उलटं लटकूनही शेंग सोलता येते. चढताना आधी चोच फांदीत रुतवायची, मग पाय टाकायचा. जवळ पोचला की तो ताठ उभा राहतो, एक पाय उचलतो आणि गळ्यात साठवून आणलेलं अन्न तिच्या चोचीत भरवतो.

ढोली त्यांनी मुळापासून कोरलेली नाही. तांबटानं किंवा सुतारपक्ष्यानं सोडलेली जागा पोपट कुरतडून आपल्या मापाची करून घेतात. म्हणून त्यांना जाड खोडांची जुनी झाडं लागतात, नाहीतर जुन्या भिंतींतली भोकं. एखादं झाड रस्त्यासाठी पाडलं की सावली गेली हे सगळ्यांना दिसतं. त्या खोडातली घरंही गेली, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. बदल्यात रोप लावून हे नुकसान भरून निघत नाही. रोपात ढोली व्हायला कित्येक दशकं जावी लागतात.

[दृश्य: संध्याकाळ. एम्प्रेस गार्डनच्या झाडांवरून ओरडत जाणारा थवा.]

निवेदन:

या पक्ष्याला मराठीनं नावं भरभरून दिली. संस्कृतातून शुक आणि कीर आले. गावाकडे तो राघू झाला, रावा झाला, घरात मिठू. कोवळ्या पानाचा रंग पोपटी. अलिबागकडे थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात भाजतात, तीही पोपटी. तारेवर बसून माश्या टिपणारा वेडा राघू तर पोपटांच्या कुळातला नाहीच, पण अंग हिरवं, म्हणून त्यालाही राघूपण मिळालं. माणसांनीही हे नाव आवडीनं लावलं. हिवरे बाजारचा कायापालट घडवणारे पोपटराव पवार सगळ्यांना ठाऊक आहेत. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

सगळ्यात जिव्हाळ्याचा अर्थ जात्यावरचा. ओवीत राघू म्हणजे मुलगा, मैना म्हणजे मुलगी. पुण्यात राहून काम केलेल्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पहाटे दळताना आई लेकाला राघू म्हणते, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे खराच पक्षी असतो. अंगणातल्या झाडावर येणारा, हाक मारली की मान वाकडी करून बघणारा.

[दृश्य: आळंदी. इंद्रायणीचा घाट.]

निवेदन:

ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात पोपट आणला आहे तो पकडला जाणारा. पारधी दोरीत एक नळी ओवून ठेवायचे. पोपट तिच्यावर येऊन बसला की त्याच्या वजनानं नळी गर्रकन फिरायची आणि तो उलटा लटकायचा. खरं तर कुणीच त्याला बांधलेलं नसे. पण आपण अडकलो या धास्तीनं तो नळी आणखी घट्ट धरायचा, आणि मग पारध्याला फक्त येऊन उचलायचं उरायचं. माणूस आपणच आपल्याला कसा बांधून घेतो, हे ज्ञानदेवांना सांगायचं होतं. मात्र त्या ओव्या वाचताना, फांदीवरून सुटू नयेत म्हणून जे पाय घडले त्याच पायांनी पाखराचा घात व्हावा, याचं फार वाईट वाटतं.

[दृश्य: फुललेली काटेसावर. लाल फुलांत चोच घालणारे पोपट.]

निवेदन:

पानं गळून गेलेली आणि लाल फुलांनी भरलेली ही सावर. संस्कृतात शाल्मली. सातव्या शतकात, हर्षवर्धनाच्या काळात, बाणभट्टानं याच झाडावर एका पोपटाचा जन्म घडवला.

शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडालकन्या सोन्याच्या पिंजऱ्यातून पोपट घेऊन येते. वैशंपायन त्याचं नाव. तो उजवा पाय उचलून राजाला श्लोक म्हणून दाखवतो, आणि मग आपली हकिगत सांगू लागतो. विंध्यातल्या अरण्यात एक प्रचंड सावर होती. तिच्या ढोल्यांतून पोपटांची कितीतरी कुटुंबं राहत होती. एक दिवस शिकाऱ्यांची टोळी आली आणि निघून गेली. एक म्हातारा शबर तेवढा मागे राहिला. तो झाडावर चढला आणि ढोल्यांत हात घालून पिल्लं, म्हातारे पक्षी, जो हाताला लागेल त्याला मारून खाली टाकू लागला. वैशंपायनाच्या बापानं पिल्लाला पंखाखाली झाकून घेतलं. बाप मारला गेला. पंखाखालचं पिल्लू वाळक्या पानांच्या ढिगावर पडलं, म्हणून वाचलं.

हे सगळं आपल्याला पोपट स्वतः सांगतो. त्या ग्रंथाचं नाव ‘कादंबरी’. त्यावरूनच मराठीत लांबलचक कल्पित कथेला कादंबरी म्हणू लागले. १८५७ साली बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं, तेव्हापासून आपण जितक्या कादंबऱ्या लिहिल्या-वाचल्या, त्या सगळ्यांवर एका पोपटानं सांगितलेल्या गोष्टीचं नाव आहे.

याच भाषेत न समजता केलेल्या पाठांतराला पोपटपंची म्हणतात. फजिती झाली की कट्ट्यावरची पोरं ‘पोपट झाला’ म्हणतात. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं केंद्रीय अन्वेषण विभागाला पिंजऱ्यातला पोपट म्हटलं, आणि मालकाची बोली बोलणारा हा अर्थ देशभर पोचला. या नव्या अर्थांमधला पोपट झाडावरचा नाही. तो सारा पिंजऱ्यातला आहे.

[दृश्य: ढोलीतून डोकावणारी दोन पिल्लं.]

निवेदन:

पिंजऱ्यातला पोपट ‘मिठू मिठू’ का म्हणतो? पोपट आवाज शिकतो तो कळपात राहता यावं म्हणून. व्हेनेझुएलातल्या छोट्या पोपटांवर पक्षी-अभ्यासक कार्ल बर्ग यांनी काम केलं. तिथे आईबाप प्रत्येक पिल्लाला वेगळी अशी हाक देतात, आणि पिल्लू थोडा फेरफार करून ती आपली म्हणून वापरतं, असं दिसलं. म्हणजे जवळपास नावच. आपल्या रानातला पोपट माणसाचे शब्द उचलत नाही, त्याला गरजच पडत नाही. एकटा ठेवलेला पोपट उचलतो, कारण हाकेला ओ देणारं त्याच्याजवळ आपल्याशिवाय कुणी नसतं. त्याला निर्बुद्ध घोकंपट्टी म्हणणं मला तरी जमत नाही.

आता ही पिल्लं. मादीनं तीनेक आठवडे अंडी उबवली. आणखी दीडेक महिन्यानं पिल्लं उडतील. याच दिवसांत झाडावर माणसं चढतात. लवकर माणसाळावीत म्हणून पिसं पुरती फुटायच्या आत पिल्लं काढतात. हात पोचला नाही तर फांदीच तोडतात. मग पिशवीत, टोपलीत कोंबून बाजार. बरीचशी वाटेतच मरतात. खांद्यावर तांबडा डाग असलेल्या मोठ्या पोपटाला बाजारात ‘पहाडी’ म्हणतात, त्याच्यामागे तर जास्तच हात लागतात.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याखाली देशी पोपट पकडणं, विकणं आणि घरी ठेवणं, तिन्ही गुन्हा. ‘आम्ही लेकरासारखा सांभाळतो’ असं घरोघरी सांगतात, आणि माया खरीही असते. पण भिजवलेली डाळ आणि मिरची एवढ्यावर हा पक्षी नीट जगत नाही. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, म्हणून तो आवडीनं खाताना दिसतो. नुसत्या बियांवर ठेवलेल्या पोपटाला अ जीवनसत्त्व कमी पडतं, यकृतावर चरबी चढते. एकटेपणानं काही पोपट स्वतःचीच पिसं उपटतात.

घरी असा पोपट असेल तर दया येऊन खिडकीतून सोडून देऊ नका. पंखांत बळ नसतं, खाणं शोधायची सवय नसते, कावळे त्याला जगू देत नाहीत. वन विभागाला १९२६ वर फोन करा. ढोलीखाली पडलेलं पिल्लू दिसलं तरी हाच क्रमांक. त्याला पाणी किंवा दूध पाजू नका, भोकं पाडलेल्या खोक्यात उबेला ठेवा.

आणि टेकडीवर, बागेत, सोसायटीत पोपटांची ढोली दिसली तर खुशाल बघत उभे राहा, फोटोही काढा. तो टाकताना झाडाचा ठावठिकाणा मात्र लिहू नका. पिल्लं काढणारेही मोबाइल बघतात.