मसाज थेरपिस्ट व्हायचंय? आधी हात कुठं थांबवायचा ते शिका

नमस्कार मंडळी. लातूर, बीड, परभणीकडच्या पोरापोरींचा एकच प्रश्न असतो: "ताई, मसाजचा कोर्स किती दिवसांचा? लगेच काम मिळतं का?" कामाचं सांगते, पण आधी त्या कोर्सात शिकायचं काय असतं ते बघू. हातात ताकद आहे, वाटीत तेल आहे, मग शिकायचं काय, असं कितीतरी जणांना मनापासून वाटतं.

आपल्याकडं मालिश नवी नाही. बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या मावश्या गावोगावी आहेत. तालमीत मेहनत झाली की पैलवान एकमेकांचं अंग रगडतात. या लोकांच्या हातात खरी जाण असते, मी ती मानते. पण एक फरक लक्षात घ्या. गावातली मावशी ज्या पोरीला तेल लावते, तिला ती लहानपणापासून ओळखते. तिची दुखणी-खुपणी, तिचं बाळंतपण कसं झालं, सगळं तिला ठाऊक असतं. तुमच्या टेबलावर येणारा माणूस मात्र तुम्ही पहिल्यांदाच बघताय. त्याची माहिती तुम्हाला पाच-दहा मिनिटांत, नीट प्रश्न विचारून काढायचीय. प्रशिक्षणातला सगळ्यात मोलाचा भाग हा आहे, आणि बऱ्याच क्लासमध्ये नेमका तोच गाळतात.

हात फिरवायचे प्रकार तसे लवकर येतात. स्वीडिश पद्धतीत मुख्य पाच आहेत. इफ्लुराज म्हणजे लांब, सरकता हात. पेट्रिसाज म्हणजे कणीक मळावी तसा स्नायू धरून मळणं. फ्रिक्शनमध्ये एकाच जागी बोटांनी खोल घासायचं, टॅपोटमेंटमध्ये हलकं थोपटायचं, आणि शेवटचं व्हायब्रेशन, म्हणजे कंप देणं. पद्धतीला म्हणतात स्वीडिश, पण ही फ्रेंच नावं रूढ करण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातले डच डॉक्टर योहान मेट्झगर यांना देतात.

मग येतं शरीरशास्त्र. इथं पोरं कंटाळतात. मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं आणि सहाशेच्या वर स्नायू, पाठ कोण करणार? सगळे पाठ नका करू. पण मुख्य स्नायू कुठून निघतो, कुठं चिकटतो, त्यानं कोणती हालचाल होते, हे यायलाच पाहिजे. दिवसभर वाकून कापूस वेचलेली बाई म्हणते, "पाठ दुखतीय." लातूरला क्लासमध्ये मान खाली घालून बसणारं पोरगंही तेच म्हणतं. तिच्या कण्याला धरून चालणारे स्नायू आणि मांडीचा मागचा भाग आखडलेला असतो. त्याची मान आणि खांद्यावरचा ट्रॅपेझियस ताठलेला असतो. शब्द एकच, पण हात वेगवेगळ्या जागी जायला पाहिजे.

आता जरा सावकाश ऐका.

एखाद्याची एकाच पायाची पोटरी सुजलीय, गरम लागतेय, लालसर दिसतेय, दाबली की कळ येते. तो म्हणतो, "जरा जोरात रगडा." अजिबात नाही. आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. रगडल्यानं ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. लांबचा प्रवास बसून केलेला, नुकतं ऑपरेशन झालेला, पाय प्लास्टरमध्ये असलेला, अशा माणसांना हा धोका जास्त. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतही तो वाढलेला असतो. बाळंतिणीचे पाय रगडायची आपली रीत आहे, म्हणून मुद्दाम सांगते: आधी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघा. फरक दिसला तर हात न लावता दवाखान्यात पाठवा.

दुसरं, शुगर. "शुगर आहे का?" हा प्रश्न न विचारता तेल गरम करू नका. जुना मधुमेह असला की पायाची संवेदना कमी झालेली असते. तेल कढत आहे, दाब जास्त होतोय, हे त्या माणसाला कळतच नाही, आणि फोड आलेला घरी गेल्यावर दिसतो.

तिसरं, उसण. कंबरेत उसण भरली की आपल्याकडं पायाळू माणूस शोधायला निघतात, पाठीवर लाथ मारून घ्यायला. साधी उसण बहुतेक वेळा तशीही काही दिवसांत उतरते. पण कंबरदुखीबरोबर पाय बधिर पडलाय, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आहे, लघवीवरचा ताबा सुटलाय, असं काही कुणी म्हणालं, तर त्याच घडीला हॉस्पिटल. तिथं लाथही नको आणि मसाजही नको.

आणि मान कडकन मोडणं. सलूनमध्ये दाढीनंतर करतात ना, ते. मानेतून मेंदूकडं रक्तवाहिन्या जातात. असा झटका दिल्यानं त्यांना आतून चीर पडू शकते, लकवासुद्धा मारू शकतो. गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी तुम्ही ते करायचं नाही. गळ्याचा पुढचा भाग, काख, गुडघ्याच्या मागची खळगी, जांघ, इथंही जोर लावायचा नाही. ताप असेल, त्वचेवर गजकर्णासारखा संसर्ग असेल, उघडी जखम असेल, तर त्या दिवशी मसाज नाही. कॅन्सरचे उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं. हे काही आजकालचं खूळ नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात रोज अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावून मालिश, करा असं सांगितलंय, आणि तिथंच तो कुणी टाळावा हेही सांगितलंय, अजीर्ण झालेल्यानं उदाहरणार्थ.

(टेबलाजवळ जाऊन) आता तुमच्या स्वतःच्या अंगाचं बघू. सरळ उभं राहून हात खाली सोडा, मूठ वळा. मुठीची हाडं टेबलाला जेमतेम टेकली की टेबलाची उंची साधारण बरोबर. जोर अंगठ्याचा लावायचा नाही. एक पाय पुढं, एक मागं, पाठ सरळ, आणि शरीराचं वजन पुढं झुकवायचं. मनगट ताठ ठेवायचं. नुसत्या अंगठ्यावर काम करणाऱ्यांचे सांधे लवकर जातात, आणि अंगठा गेला की धंदा गेला.

स्पा म्हटलं की घरच्यांना शंका येते, विशेषतः मुलीनं नाव काढलं तर. त्यांना शब्दांनी पटवत बसू नका. काम कसं चालतं ते दाखवा. ज्या भागाला तेल लावायचं तेवढाच उघडा, बाकी अंगावर चादर. प्रत्येक भागाला हात लावायच्या आधी विचारायचं. गिऱ्हाईकाचं वागणं खटकलं तर मसाज तिथंच थांबवून बाहेर यायचं, हा तुमचा हक्क आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्यानं सक्तीचं आहे. नोकरी घेताना ती समिती आहे का, हे सरळ विचारा.

प्रमाणपत्राचं थोडक्यात. जपानमध्ये १९४७ च्या कायद्यानुसार मसाज करायला किमान तीन वर्षांचं शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा लागते. आपल्याकडं मसाजसाठी असा स्वतंत्र देशपातळीवरचा परवाना नाही, म्हणून कुणीही बोर्ड लावतो. ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचे असिस्टंट स्पा थेरपिस्ट आणि स्पा थेरपिस्ट हे अभ्यासक्रम आहेत. आयुर्वेदाकडं जायचं असेल तर पंचकर्म टेक्निशियन. नांदेडला आणि धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयं आहेत. तिथं पदवीचं शिक्षण चालतं, पण पंचकर्म विभागात काम कसं करतात ते बघायला मिळतं का, एकदा चौकशी करा. यातलं काहीही केलं तरी तुम्ही फिजिओथेरपिस्ट होत नाही. ती वेगळी पदवी आहे. म्हणून "गुडघा बरा करून देतो" असं म्हणायचं नाही. "मसाजनं अंगातलं विष निघतं" हेही नाही, ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

काम कुठं? संभाजीनगरला वेरूळ-अजिंठ्याच्या पर्यटकांमुळं हॉटेलं आहेत. बाकी जिल्ह्यांत पंचकर्म केंद्रं, जिम, आणि घरी जाऊन केलेली सेवा. सुरुवातीला पगार कमी असला तरी अनुभवी माणसाच्या हाताखाली राहा.

फी भरायच्या आधी क्लासमध्ये जाऊन बसा. एका टेबलावर किती पोरं शिकतात, हात चुकला तर सर किंवा मॅडम तिथंच दुरुस्त करतात का, तुम्हाला स्वतःला मसाज घेऊन बघायला मिळतो का, ते पाहा. आणि शिकवणाऱ्याला एक प्रश्न विचारा: "मसाज कुणाला करायचा नाही?" "सगळ्यांना चालतो" असं उत्तर आलं, तर पैसे खिशात ठेवून दुसरा क्लास बघा.