हेलसिंकी, जुलै 1952

(दृश्य: निरभ्र आकाश, त्यात उभा पांढरा मनोरा.)

हेलसिंकीच्या ऑलिंपिक स्टेडियमचा हा मनोरा. उंची 72 मीटर 71 सेंटिमीटर. 1932 साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये मत्ती यार्विनेन या फिनिश खेळाडूनं भाला बरोबर एवढाच लांब फेकला आणि सुवर्णपदक जिंकलं. वास्तुविशारदांनी ती फेक इथे आभाळाच्या दिशेनं उभी करून ठेवली.

स्टेडियम 1938 मध्येच बांधून झालं होतं. 1940 चं ऑलिंपिक आधी टोकियोला द्यायचं ठरलं होतं, ते जपाननं सोडलं आणि फिनलंडच्या या राजधानीला मिळालं. पण 1939 च्या नोव्हेंबरात इथे सोव्हिएत बॉम्ब पडले. स्पर्धा झाल्याच नाहीत. शहराला आणखी बारा वर्षं वाट पाहावी लागली.

(दृश्य: ग्रॅनाइटचं रेल्वे स्टेशन, समोरून जाणारी ट्राम.)

स्टेशनपासून स्टेडियमपर्यंत ट्राम जाते. पण जमत असेल तर ट्यॉलो खाडीच्या काठानं चालतच जा. जुलैत इथे रात्री दहालाही उजेड असतो. चालता चालता 1952 चा फिनलंड डोळ्यांपुढे आणा. जेमतेम चाळीस लाखांचा देश. युद्ध हरल्यावर सोव्हिएत युनियनला द्यायची भरपाई अजून फिटायची होती. शेवटची मालगाडी सीमेपार गेली ती स्पर्धेनंतर, सप्टेंबरात. कॉफीवरचं रेशनिंग तर पुढे 1954 पर्यंत चाललं. अशा घरानं 69 देशांचे पाहुणे बोलावले, तेही जवळजवळ सगळं जुनंच वापरून. 1940 साठी बांधलेलं स्टेडियम, तेव्हाच उभारलेली सायकल शर्यतींची धावपट्टी, प्रदर्शनासाठी बांधलेला हॉल. मोठ्या स्पर्धेसाठी शहर मोठंच असावं लागतं असं मानणाऱ्यांनी ही राजधानी एकदा पायी फिरावी.

(दृश्य: स्टेडियमबाहेर धावपटूचा ब्राँझ पुतळा.)

हे पावो नुर्मी. नऊ ऑलिंपिक सुवर्णपदकांचे मानकरी. पैसे न घेणाऱ्या, हौशी खेळाडूंनीच उतरायचं, या तेव्हाच्या नियमावर बोट ठेवून 1932 साली त्यांना ऑलिंपिकबाहेर ठेवलं होतं. 19 जुलै 1952, उद्घाटनाचा दिवस, पाऊस पडत होता. मशाल घेऊन मैदानात कोण येणार हे गुपित होतं. आले ते पंचावन्न वर्षांचे नुर्मी. त्यांना जवळून पाहायला देशोदेशीच्या खेळाडूंनी आपल्या रांगा मोडल्या. आपल्या माणसावर झालेला अन्याय या शहरानं त्या एका फेरीत धुऊन काढला, असं मला ही चित्रफीत पाहताना दर वेळी वाटतं.

पुढच्या आठवडाभरात याच धावपट्टीवर चेकोस्लोव्हाकियाचे धावपटू एमिल झाटोपेक 5,000 मीटर, 10,000 मीटर आणि मॅरेथॉन, तिन्ही जिंकले. मॅरेथॉन तर ते पहिल्यांदाच धावत होते. भारताच्या निलिमा घोष आणि मुंबईच्या मेरी डिसूझा इथेच धावल्या.

(दृश्य: कॅमेरा स्टेडियमकडून वळतो. लांबट, साधी इमारत.)

आता शेजारच्या या इमारतीकडे या. पर्यटक सहसा इकडे फिरकत नाहीत. मराठी माणसानं मात्र इथे थांबायलाच हवं. 1935 साली बांधलेला हा प्रदर्शनाचा हॉल, मेस्सुहाल्ली. पुढे तो शहराच्या सार्वजनिक खेळांसाठी दिला गेला. 1952 च्या कुस्त्या इथे झाल्या.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव इथे 57 किलो गटात लढले. लाल मातीत घडलेला हा मल्ल. 1948 मध्ये लंडनला सहावे आले होते. हेलसिंकीला येण्यासाठी पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. मग समोर आले जपानचे शोहाची इशी. इशी मूळचे ज्युदोचे. युद्धानंतर जपानला मिळालेलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण त्यांचंच. ती कुस्ती खाशाबा गुणांवर हरले. लगेच पुढची कुस्ती सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव यांच्याशी. दोन कुस्त्यांमध्ये मिळायला हवी ती विश्रांती मिळाली नाही आणि खाशाबांची बाजू मांडायला भारताचा कुणी अधिकारी तिथे नव्हता, असं सांगतात. ही हळहळ कराड-कोल्हापूरच्या तालमींत आजही ऐकू येते.

23 जुलैला खाशाबांच्या गळ्यात ब्राँझ आलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला 1996 पर्यंत थांबावं लागलं.

याच हॉलमध्ये कोल्हापूरकडचे केशव माणगावे वरच्या वजनगटात चौथे आले. पदक एका पायरीनं हुकलं. त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून इथे उभं राहून मुद्दाम घेतो.

(दृश्य: हेलसिंकीच्या कॅप्यूला भागातली सायकल शर्यतींची धावपट्टी, मधलं हिरवं मैदान.)

दुसऱ्याच दिवशी, 24 जुलैला, इथे हॉकीची अंतिम लढत झाली. भारत 6, नेदरलँड्स 1. त्यातले पाच गोल एकट्या बलबीरसिंग यांचे.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

खाशाबा कराडला उतरले तेव्हा स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्कार झाले, हार पडले. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचं घर सोडवून दिलं.