‘तब्येत झाली’ म्हणजे नेमकं काय झालं?

आपल्याकडे ‘तब्येत’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक आरोग्य, दुसरा अंगावरचं मांस. ‘काय तब्येत झालीय तुझी!’ असं कुणी म्हटलं की ते वजनाबद्दल असतं आणि ऐकणारा सुखावतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला तर हे वाक्य ऐकून धीर येतो. लोकांना काही कळलेलं नाही, असा तो त्याचा अर्थ लावतो. आज मी या दोन अर्थांमधल्या अंतराबद्दल बोलणार आहे.

थोडं मागं जाऊ. १ एप्रिल २००४ला आपल्या देशात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू झाली. तेव्हाच्या बऱ्याच गोळ्यांत स्टॅव्ह्युडीन असायचं. त्याआधी २००१मध्ये मुंबईच्या सिप्लानं दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी खर्चात तीन औषधं देऊ केली, त्या तिघांतही ते होतंच. या औषधानं मरणाच्या दारातून माणसं परत आणली, हे मी कधी विसरणार नाही. पण ते चरबीच्या पेशींचं इंजिन बिघडवायचं. पेशीत ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया निकामी होत जायची आणि पेशी मरायच्या. आधी गाल बसायचे. मग हातापायांच्या शिरा दोरीसारख्या वर यायच्या. काहींचं पोट मात्र वाढायचं, मानेमागे वशिंड यायचं. सीडीफोर, म्हणजे विषाणू मारतो त्या प्रतिकारपेशी, वाढलेल्या, ताप गेलेला, माणूस शेतात कामाला लागलेला, आणि चेहरा मात्र गावाला सगळं सांगून टाकायचा. पदर गालावरून खाली न येऊ देणाऱ्या बायका मी केंद्रात रोज पाहायचो. काही जणींनी त्या गालांपायी गोळ्या सोडल्या.

२००९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्टॅव्ह्युडीन टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं. पुढं आपल्याकडेही ते गेलं. आज बहुतेकांच्या हातात टीएलडी आहे: टेनोफोविर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्राविर, दिवसातून एक गोळी. गाल बसत नाहीत. पण बसलेल्या गालांची भीती मनातून गेलेली नाही. घरचे म्हणतात, खा, वाळू नकोस. माणूस खातो. वजन वाढतं आणि सगळे निर्धास्त होतात.

सुरुवातीचं वजन वाढणं चांगलंच असतं. आजारानं खाल्लेलं शरीर परत भरून येत असतं. त्यापुढं जे वाढतं, त्याची कारणं अजून पूर्ण उलगडलेली नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गला झालेल्या ‘अ‍ॅडव्हान्स’ अभ्यासात डोल्युटेग्राविर घेणाऱ्यांचं वजन जास्त वाढलं, बायकांचं अधिक. आणि टेनोफोविरच्या नव्या रूपासोबत, म्हणजे अलाफेनामाइडसोबत, सगळ्यात जास्त. सरकारी टीएलडीत जुनं रूप आहे, हे लक्षात ठेवा.

आता चरबीकडे वळू. आपण तिला धान्याची कणगी समजतो: भरली, रिकामी झाली. खरं तर ती सतत काम करणारी ग्रंथी आहे. त्वचेखालची चरबी चिमटीत धरता येते, ती तुलनेनं निरुपद्रवी असते. आतड्यांभोवती साठणारी चरबी चिमटीत येत नाही. पोट नुसतं घट्ट, पुढं आलेलं दिसतं. या आतल्या चरबीच्या पेशी प्रमाणाबाहेर फुगल्या की रोगप्रतिकारक पेशी तिथं गोळा होतात आणि इंटरल्युकिन-६सारखे दाह पेटवणारे निरोप सोडू लागतात. तिथलं रक्त आधी यकृतात जातं. यकृत सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन तयार करतं, स्वतःही चरबीनं भरतं. ना ताप, ना दुखणं. नुसतं धुमसत राहतं, आणि रक्तवाहिन्यांची आतली भिंत खरवडली जाते.

एचआयव्ही असलेल्याच्या शरीरात हे धुमसणं आधीपासूनच असतं. संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू आतड्याच्या अस्तरातल्या सीडीफोर पेशींचा फडशा पाडतो. अस्तर झिरपू लागतं, जंतूंचे तुकडे रक्तात येत राहतात. गोळ्यांनी हे बरंच सावरतं, पण पूर्ववत होत नाही. शिवाय चरबीच्या ऊतीत राहणाऱ्या प्रतिकारपेशींतही विषाणूचा डीएनए लपलेला सापडला आहे. म्हणून व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, ‘सापडत नाही’ इतका खाली असूनही या लोकांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या दीडपट ते दुप्पट दिसतो. पोटातली चरबी त्या धुमसण्यात भर घालते.

आपल्या लोकांसाठी अजून एक गोष्ट आहे, आणि ती पुण्याची आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला फोटो अनेक डॉक्टरांना पाठ आहे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे वजनकाटा आपल्याबाबतीत फारसं काही सांगत नाही. माझं सगळं म्हणणं इथं येऊन थांबतं: काट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवा.

टेप कुठं लावायची? पँटच्या मापावर जाऊ नका. पोट सुटलेला पुरुष पट्टा पोटाखाली बांधतो आणि माप तेच राहिलं म्हणतो. बायकांनी परकराची नाडी जिथं बांधता ती जागाही धरू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, श्वास सोडून मोजा. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८०. त्यापुढं गेलं की साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासायला मागा.

हे ऐकून दर वेळी कुणीतरी विचारतं, ‘मग डॉक्टर, गोळी बंद करू का?’ नाही. कधीच नाही. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ अभ्यासात ५,४७२ माणसं होती. ज्यांची औषधं मधूनमधून थांबवली, त्यांच्यात मृत्यू जास्त झाले, हृदयाचे त्रासही वाढले. गोळी थांबली की दाह भडकतो. वजन खूप वाढत असेल तर डॉक्टरांशी बोला, परस्पर काही करू नका.

मग करायचं काय? २०२३मध्ये ‘रिप्रीव्ह’ अभ्यासाचा निकाल आला. भारतासह बारा देशांतली ७,७६९ माणसं, वय ४० ते ७५, हृदयविकाराचा धोका फार नसलेली. रोज पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन गटातलं औषध घेणाऱ्यांमध्ये हृदयाच्या मोठ्या घटना ३५ टक्के कमी झाल्या. तुमची चाळिशी उलटली असेल तर स्टॅटिनबद्दल पुढच्या भेटीत नक्की विचारा. पण पोट काही या गोळीनं उतरत नाही. त्यासाठी रोज धाप लागेल इतकं चालणं आणि ओझं उचलण्याचा व्यायाम लागतो. वजन काट्यावर तसंच राहिलं तरी आतली चरबी उतरू शकते, म्हणून महिन्याभरात नाद सोडू नका. तंबाखू आणि मिसरी मात्र आजच सोडा. मिसरीला बायका व्यसनात धरत नाहीत, हृदय धरतं.

तिकडे टेबलावर आम्ही चार टेपा ठेवल्या आहेत. बायकांसाठी पडद्यामागे ताई बसल्या आहेत. माप एआरटीच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून घ्या, आणि सहा महिन्यांनी त्याखाली दुसरं लिहा.