लघवीतला फेस

सकाळची पहिली लघवी. वर साचलेला हा फेस पाहा. बुडबुडे बारीक आहेत, एकावर एक चढलेले. जोराच्या धारेनेही फेस येतो, पण तो लगेच जिरतो. हा जिरत नाही.

आता या पापण्या. उठल्या उठल्या सुजलेल्या, दुपारपर्यंत ओसरणाऱ्या. म्हणूनच ॲलर्जी समजून आठवडेच्या आठवडे डोळ्यांत थेंब घातले जातात. संध्याकाळी सूज पायांवर उतरते. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडतो, अंगठा काढला तरी तसाच राहतो.

लघवी तपासायची पट्टी बुडवली. तिच्यावर पिवळा चौकोन. साठ सेकंद. पोपटी... आणि आता हिरवा. लघवीतून प्रथिनं जाताहेत. एका मिनिटाची ही तपासणी, तीच कुणी वेळेवर सांगत नाही, याचं वाईट वाटतं.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलातले डॉ. रिचर्ड ब्राइट यांच्याकडे पट्टी नव्हती. ते चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर धरत. तसंच करून पाहू. ज्योत, चमचा... कडेनं पांढरं धरायला लागलं, शिजत्या अंड्यासारखं. हे अल्ब्युमिन, रक्तातलं प्रथिन. सूज, अशी लघवी आणि बिघडलेलं मूत्रपिंड यांची सांगड त्यांनी 1827 मध्ये घातली.

एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या. दोन्ही मिळून दिवसाला 180 लिटर द्रव गाळतात, तरी लघवीत 150 मिलिग्रॅमहून कमी प्रथिनं उतरतात. गाळण्या बिघडून प्रथिनं अशी वाहून जातात, त्या आजाराला नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणतात. त्यात मोठ्या माणसाची दिवसाला साडेतीन ग्रॅमहून जास्त जातात. रक्तातलं अल्ब्युमिन घटतं, अंगात पाणी साठतं.

गाळणी कशानं फाटली? लहान मुलांना बहुधा आधी स्टेरॉइड देऊन पाहतात. मोठ्यांची बहुतेक वेळा बायोप्सी होते, म्हणजे मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासतात. पेशंट पालथा, सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचं टोक. "श्वास रोखा." खट्! हा दोऱ्याएवढा तुकडा. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळं ठीकठाक. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मात्र पाहा: गाळणीवरच्या पेशींचे एकमेकांत गुंतलेले पाय सपाट झालेत. या प्रकाराचं नाव मिनिमल चेंज डिसीज.

दुर्लक्ष झालं तर रक्ताच्या गुठळ्या, जंतुसंसर्ग, आणि काही प्रकारांत मूत्रपिंड निकामी.

औषध सुरू झालं. घरी रोज सकाळी पट्टी, रोज वहीत नोंद. सलग तीन दिवस चौकोन पिवळा राहिला, की आजार दबला असं डॉक्टर धरतात.

वहीत कालपर्यंत दोनदा 'पिवळी' लिहिलंय. ही आजची पट्टी.